पहिली अंतराळ स्थानकं: साल्युत, स्कायलॅब आणि लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी शाळांमधून आणि गावच्या वाचनालयांमधून आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतो. एखादं चमकतं ठिपकं सरसर डोक्यावरून गेलं आणि 'ते बघा स्पेस स्टेशन' असं म्हटलं, की मग दुर्बीण राहते बाजूला आणि प्रश्न सुरू होतात, आणि गंमत म्हणजे आताच्या स्टेशनपेक्षा जुन्या स्टेशनांबद्दलच जास्त विचारतात. राकेश शर्मा कुठे राहिले, स्कायलॅब आपल्यावर पडणार होतं का, ते तिघे रशियन कसे गेले. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढूया.

पहिलं स्पेस स्टेशन नासाचं ना?

नाही हो, सोव्हिएत युनियनचं. साल्युत १. १९ एप्रिल १९७१ ला कझाकस्तानातल्या बैकोनूरवरून प्रोटॉन रॉकेटने सोडलं. साल्युत म्हणजे सलामी, गागारिनच्या उड्डाणाला त्याच महिन्यात दहा वर्षं झाली होती म्हणून ते नाव. वजन अठरा टनांच्या वर, सगळ्यात रुंद भाग चार मीटरचा, आत फिरायला जागा साधारण एका रेल्वेच्या डब्याएवढी धरा. अमेरिकेचं स्कायलॅब त्यानंतर दोन वर्षांनी, मे १९७३ मध्ये गेलं.

पण चंद्रावर तर अमेरिका आधी पोचली, मग स्टेशनमध्ये रशिया पुढे कशी?

चंद्र हातचा गेला म्हणूनच. जुलै १९६९ नंतर सोव्हिएत नेतृत्वाला दाखवायला काहीतरी वेगळं हवं होतं, आणि 'आम्ही चंद्रावर धावत जाऊन परत येणार नाही, आम्ही अंतराळात राहणार' ही भूमिका त्यांनी घेतली. पण स्टेशन काय एका वर्षात उभं राहत नाही. झालं असं की तिथे दोन डिझाईन ब्युरो होते, म्हणजे आपल्या भाषेत दोन वेगळ्या शाखाच म्हणा, आणि दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नव्हतं. व्लादिमीर चेलोमेई यांच्याकडे अल्माझ नावाच्या लष्करी स्टेशनचे सांगाडे तयार होत आले होते पण आतली यंत्रं रखडली होती, आणि कोरोल्योव्ह यांनी उभ्या केलेल्या ब्युरोकडे (ते स्वतः १९६६ मध्येच गेले होते) माणसं नेणाऱ्या सोयुझ यानाची चालू यंत्रणा होती. मग १९७० च्या सुरुवातीला निर्णय झाला, याचा सांगाडा घ्यायचा, त्यात त्याची यंत्रणा बसवायची. सव्वा वर्षात स्टेशन आकाशात. चेलोमेईंना काय वाटलं असेल ते मला दर वेळी हे सांगताना मनात येतं, कारण घर त्यांचं आणि वास्तुशांत दुसऱ्यांची.

अमेरिकेच्या हवाई दलाचंही एक लष्करी स्टेशन होणार होतं, एमओएल नावाचं, १९६३ मध्ये जाहीर झालं आणि जून १९६९ मध्ये माणूस न पाठवताच रद्द झालं.

साल्युत १ मध्ये पहिल्यांदा कोण राहिलं?

राहायला पहिले निघाले ते सोयुझ १० चे शातालोव, येलिसेयेव आणि रुकाविश्निकोव. २३ एप्रिल १९७१ ला निघाले, दुसऱ्या दिवशी स्टेशनला जाऊन टेकले, यानाचा दांडा स्टेशनच्या खोबणीत गेलाही, पण पूर्ण घट्ट जोडणी होईना. नऊ सेंटिमीटरची फट राहिली. फक्त नऊ! पुढे ती काही केल्या मिटेना, आणि जोडणी पूर्ण नाही म्हणजे दार उघडता येत नाही. साडेपाच तास तसेच लटकून राहिले, मग सुटतानाही त्रास झाला, आणि घराच्या उंबरठ्यावरून परत आले.

पुढचे तिघे सोयुझ ११ मधून ६ जूनला निघाले, ७ जूनला आत शिरले. गेओर्गी दोब्रोवोल्स्की, व्लादिस्लाव वोल्कोव, विक्तर पात्सायेव. खरं तर हे राखीव तिघे होते. मूळ टीम लिओनोव, कुबासोव आणि कोलोदिन यांची, पण उड्डाणाच्या काही दिवस आधी तपासणीत कुबासोव यांच्या फुफ्फुसात डाग दिसला, डॉक्टरांना टीबीची शंका आली, आणि नियम असा की एक बाद तर तिघे बाद. नंतर कळलं की तो टीबी नव्हताच, ॲलर्जी होती.

आत गेल्यावर पहिलं काय, तर जळका वास. हवा खेळवणारे काही पंखे बंद पडलेले, ते बदलले आणि पहिली रात्र परत आपल्या यानात जाऊन झोपले, हवा साफ होईपर्यंत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. माणूस अंतराळात पहिल्यांदा 'घरी' गेला आणि त्याचं पहिलं काम काय, तर पंखा दुरुस्ती. पुढे १६ जूनला परत धूर झाला, स्टेशन सोडायचीच वेळ आली होती, पण निभावलं. १९ जूनला पात्सायेव अडतीस वर्षांचे झाले, अंतराळात वाढदिवस साजरा झालेला पहिला माणूस. ओरायन नावाच्या दुर्बिणीवर काम करणारे तेच, वातावरणाच्या बाहेरून दुर्बीण चालवणारा पहिला माणूस. तेवीस दिवस राहिले, तोवरचा सगळ्यात मोठा मुक्काम, आणि टीव्हीवर दिसायचे म्हणून देशात घराघरात ओळखीचे झाले होते.

मग ते तिघे कसे गेले?

हा प्रश्न येतो तेव्हा मी दुर्बीण बाजूला ठेवतो आणि नीट सांगतो, कारण त्याबद्दल अर्धवट गोष्टी फार फिरतात, कोणी म्हणतं स्फोट झाला, कोणी म्हणतं जळाले. तसं काही नाही.

सोयुझ यान म्हणजे तीन भाग एकामागे एक जोडलेले. पुढे गोल खोली, मधे परतीची कुपी, मागे इंजिनाचा भाग. परत येताना फक्त मधली कुपी जमिनीवर येते, बाकी दोन सोडून द्यायचे. कुपीला एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो जमिनीपासून चार-पाच किलोमीटर उंचीवर उघडायचा, म्हणजे बाहेरची ताजी हवा आत येते. २९ जूनच्या रात्री ते स्टेशनवरून सुटले. निघतानाच दाराचा दिवा 'नीट बंद नाही' असं दाखवत होता, परत उघडून परत बंद केलं, शेवटी दिवा विझला. पुढे ३० जूनला पहाटे भाग वेगळे करणारे स्फोटक बोल्ट एकापाठोपाठ एक उडायला हवे होते ते एकदम उडाले, तो हादरा बसला आणि व्हॉल्व्ह १६८ किलोमीटर उंचीवर उघडला. बाहेर हवा नाहीच. अंगावर स्पेससूट नाहीत.

आत शिट्टीसारखा आवाज येत असणार, कारण त्यांनी रेडिओ बंद केलेले सापडले, आवाज कुठून येतोय ते ऐकायला. पट्टे सोडून व्हॉल्व्हपर्यंत पोचले होते, तो हाताने बंद करता येतो, बंद करायला सुरुवातही केली होती. पण हाताने तो पूर्ण मिटवायला जितका वेळ लागतो त्याच्या आतच हवा संपली. बाकी सगळं यंत्राने आपोआप बरोबर केलं, पॅराशूट उघडलं, कुपी गवताळ माळावर ठरल्याप्रमाणे अलगद उतरली. बचाव पथक आलं, बाहेरून ठोठावलं, आतून काही नाही. दार उघडलं तर तिघे आपापल्या जागी, झोपल्यासारखे, अंग अजून गरम. जमिनीवर काढून खूप वेळ प्रयत्न केले.

दोब्रोवोल्स्की त्रेचाळीस, पात्सायेव अडतीस, वोल्कोव पस्तीस वर्षांचे. अंतराळाच्या हद्दीत मृत्यू आलेली आजवरची हीच तीन माणसं. अंत्ययात्रेत खांदा द्यायला अमेरिकन अंतराळवीर टॉम स्टॅफर्डही होते, आणि हे शीतयुद्धाच्या ऐन दिवसांत. मी मुलांकडून त्यांची नावं पाठ करून घेतो. गागारिन सगळ्यांना माहीत असतो, हे तिघेही माहीत असायला हवेत.

स्पेससूट का नव्हते घातले?

जागा नव्हती. त्या कुपीत सूट घालून तीन माणसं मावतच नव्हती, त्यामुळे यान हवाबंद आहे यावर भरवसा ठेवला होता. यानंतर सोयुझमध्ये दोनच माणसं जायला लागली, दोघांनाही सोकोल नावाचा सूट, आणि तिसरी सीट परत आली ती थेट १९८० मध्ये नवीन सोयुझ टी आल्यावर. आजही सोयुझने जाणारा प्रत्येक जण सोकोल घालूनच बसतो. साल्युत १ मध्ये मात्र परत कोणी गेलं नाही, इंधन संपत आलं तसं ११ ऑक्टोबर १९७१ ला ते पॅसिफिकवर आणून पाडलं.

डॉकिंग, डॉकिंग म्हणतात त्यात एवढं अवघड काय असतं?

डॉकिंग म्हणजे दोन यानं अंतराळात एकमेकांना जोडणं, आणि दोन्ही ताशी साधारण २८,००० किलोमीटरने धावत असतात. एकमेकांच्या तुलनेत वेग मात्र चालत्या माणसापेक्षाही कमी करत आणायचा. आणि पुढच्याला गाठायचं म्हणून नुसता वेग वाढवला तर यान वरच्या कक्षेत जातं आणि उलट मागे पडतं, म्हणजे आपली रस्त्यावरची अक्कल तिथे चालतच नाही. सोयुझ १० चं सांगितलंच. सोयुझ १५, सोयुझ २३, सोयुझ २५, ही सगळी स्टेशनपर्यंत जाऊन जोडणी न झाल्यामुळे परत आली. त्यातलं सोयुझ २३ तर ऑक्टोबर १९७६ मध्ये रात्री बर्फाच्या वादळात तेंगिझ नावाच्या गोठत्या सरोवरात पडलं, आत दोघे, बाहेर उणे वीसच्या खाली, आणि सकाळी हेलिकॉप्टरने कुपी ओढत काठावर आणली. दोघेही वाचले. आपल्या इस्रोने १६ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्सची दोन याने जोडली तेव्हा मला किती आनंद झाला असेल ते आता कळेल, त्या शेवटच्या काही सेंटिमीटरनीच लोकांना दारातून परत पाठवलंय.

साल्युत २, ३, ५ बद्दल कुठेच काही नसतं, असं का?

कारण ती लष्करी होती. चेलोमेईंची अल्माझ स्टेशनंच, पण जगाला कळू नये म्हणून सगळ्यांना साल्युत हेच नाव. आतमध्ये जमिनीवर रोखलेला मोठा कॅमेरा, काम हेरगिरीचं. साल्युत २ एप्रिल १९७३ मध्ये गेलं आणि दोन आठवड्यांच्या आतच हवा गळून निकामी झालं. साल्युत ३ वर तर तोफ होती, विमानातल्या तोफेवरून बनवलेली, आणि ती फिरवायची तर अख्खं स्टेशन फिरवावं लागायचं. माणसं परत आल्यावर, स्टेशन पाडायच्या आधी ती चालवूनही पाहिली. साल्युत ४ मात्र साधं वैज्ञानिक स्टेशन, १९७५ मध्ये तिथे क्लिमुक आणि सेवास्त्यानोव ६३ दिवस राहिले, भिंतींवर बुरशी चढलेली असताना.

अधली दोन तर नावालाही उरली नाहीत. एक जुलै १९७२ मध्ये रॉकेटसकट गेलं आणि एक मे १९७३ मध्ये कक्षेत पोचून दिशा सावरताना सगळं इंधन उधळून बसलं, त्याला गुपचूप 'कॉसमॉस ५५७' असं नाव देऊन टाकलं.

स्कायलॅब एवढं मोठं कसं होतं?

चंद्रमोहिमांची काही उड्डाणं रद्द झाली, सॅटर्न ५ रॉकेट उरलं, मग त्याच्याच वरच्या टप्प्याची इंधनाची टाकी रिकामी ठेवून आत जमिनीवरच घर बांधलं. मजले, स्वयंपाकाचं टेबल, खिडकी, झोपायच्या खोल्या. साल्युतच्या तिप्पट-चौपट जागा, वजन सत्तर टनांच्या वर. सूर्याचा अभ्यास करायला दुर्बिणींचा वेगळा मोठा संच.

१४ मे १९७३ ला उडालं आणि ६३ सेकंदांत घोटाळा. उल्का आणि उन्हापासून वाचवणारं बाहेरचं कवच हवेच्या माऱ्याने फाटलं, जाता जाता एक सोलर पंख घेऊन गेलं आणि दुसऱ्या पंखावर ॲल्युमिनियमची एक पट्टी अशी अडकवून गेलं की तो उघडेचना. म्हणजे वर पोचलं ते उघडं आणि जवळजवळ अंधारात. आतलं तापमान पन्नास अंशांच्या वर गेलं. जेवण खराब होणार, फिल्म खराब होणार, भिंतीच्या फोममधून विषारी वायू सुटायची भीती. घर पाहावं बांधून म्हणतात ते इथे जमिनीवरून चारशे पस्तीस किलोमीटर उंचावर.

पहिल्या टीमचं उड्डाण दहा दिवस पुढे ढकललं, आणि त्या दहा दिवसांत ह्यूस्टन आणि हंट्सव्हिलमध्ये नासाच्या लोकांनी अक्षरशः छत्री शिवली. २५ मे ला पीट कॉनरॅड, जो केर्विन आणि पॉल वाइट्झ गेले. पहिल्याच दिवशी यानाचं दार उघडून वाइट्झ अर्धे बाहेर, हातात लांब काठी, केर्विन आतून पाय धरून, आणि पंख ओढायचा प्रयत्न, पण पट्टी काही तुटली नाही. वर डॉकिंगही होईना, कितीतरी खटपटीनंतर जमलं. मग आतल्या एका छोट्या झडपेतून ती छत्री बाहेर सारली आणि बाहेर उघडली, सावली पडली, दोन-चार दिवसांत घर राहण्यासारखं झालं.

७ जूनला कॉनरॅड आणि केर्विन बाहेर गेले. लांब दांड्याच्या टोकाला कातर, झाडाच्या फांद्या छाटायची असते त्या जातीची, दोरीने ओढून चालवायची. केर्विनना पाय रोवायला काही नाही, वजन नाही म्हणजे ढकललं की स्वतःच मागे जाणार, शेवटी स्वतःला एका हुकाला बांधून घेतलं तेव्हा कातर स्थिर झाली. पट्टी कापली तरी पंख अडलेलाच, बिजागरी थंडीने गोठलेली. मग दोघांनी दोरी खांद्यावर घेऊन पाठीने जोर लावला, आणि पंख सुटला तसे दोघे फेकले गेले, सेफ्टीची दोरी होती म्हणून थांबले. वीज आली. या एका दुपारमुळे पुढचं सगळं स्कायलॅब झालं, तीन टीम मिळून १७१ दिवस, २८, मग ५९, मग ८४.

तिसऱ्या टीमने संप केला होता म्हणतात, खरं का?

खोटं. जेरी कार, एड गिब्सन आणि बिल पोग, तिघेही पहिल्यांदाच अंतराळात गेलेले, आणि खालून मिनिटामिनिटाचं वेळापत्रक, आधीच्या टीमच्या वेगावर आखलेलं. त्यात पहिल्याच दिवशी पोगना उलटी झाली, ती कळवायची नाही असं आपसात ठरवलं, आणि आतला रेकॉर्डर चालू असल्याने ते खाली कळलं, बोलणी बसली. महिना-दीड महिना ओढाताण झाल्यावर ३० डिसेंबर १९७३ ला कार यांनी खालच्या लोकांशी मोकळेपणाने बोलणं केलं, की जेवणानंतर जरा वेळ द्या, किरकोळ कामं यादीत ठेवा, आम्ही सवडीने करू. तसं केलं आणि कामाचा वेग उलट वाढला. कुठलंही काम थांबवलेलं नव्हतं, एकदा रेडिओवर उत्तर द्यायचं राहिलं एवढंच. ज्या माणसांनी सणासुदीच्या दिवसांतही कोहूतेक धूमकेतू टिपला, सूर्यावरची ज्वाला अगदी सुरुवातीपासून फिल्मवर पकडली, त्यांच्या नावावर हे चिकटावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जेवण, आंघोळ, झोप कसं काय करायचे?

स्कायलॅबमध्ये फ्रीझर होता, आइस्क्रीम होतं, टेबलाभोवती बसून गरम जेवण होतं. आंघोळीला कापडाचा गोल पडदा खालून वर ओढायचा, आत थोडंसं पाणी फवारायचं आणि मग थेंब हवेत तरंगतात ते व्हॅक्यूमने शोषून घ्यायचे, एका आंघोळीला एवढा वेळ लागायचा की कंटाळाच यायचा. झोप उभ्याने म्हणा की आडव्याने म्हणा, भिंतीला बांधलेल्या पिशवीत. साल्युतवर इलॅस्टिक ओढलेला पेंग्विन सूट घालायचे, हातपाय हलवले की ताण पडतो, स्नायू झिजू नयेत म्हणून.

आणि मुलं नेहमी विचारतात म्हणून, हो, स्कायलॅबवर दोन कोळी नेले होते, ॲराबेला आणि ॲनिटा. एका शाळकरी मुलीने सुचवलेला प्रयोग. सुरुवातीला जाळं वेडंवाकडं, मग दोन-तीन दिवसांत नीट विणायला लागल्या.

वर गुरुत्वाकर्षण नसतं, मग स्टेशन खाली का पडतं?

असतं की! चारशे किलोमीटरवर जमिनीच्या जवळजवळ नव्वद टक्के असतं. स्टेशन सतत पडतच असतं, पण आडवा वेग इतका की पडता पडता पृथ्वीची गोलाई खालून निघून जाते, म्हणून आतला माणूस आणि चमचा बरोबरच पडतात आणि तरंगल्यासारखे दिसतात. आता एवढ्या उंचीवरही अगदी विरळ हवा असते, ती घासून वेग खाते, स्टेशन हळूहळू खाली येतं, मधून मधून इंजिन लावून वर ढकलावं लागतं. सूर्य जास्त तापला, म्हणजे त्यावरच्या घडामोडी वाढल्या, की वरची हवा फुगते आणि घर्षण वाढतं. स्कायलॅबला तेच भोवलं.

स्कायलॅब भारतावर पडणार होतं का?

त्याच्या वाटेखाली भारत होता हे खरं. नासाला वाटलं होतं की स्पेस शटल येईल आणि त्याला वर ढकलेल, पण शटल पहिल्यांदा उडालं एप्रिल १९८१ मध्ये आणि सूर्य काही थांबला नाही. ११ जुलै १९७९ ही तारीख आमच्या घरात अजून निघते. माझी आई तेव्हा शाळेत होती, ती सांगते की त्या आठवड्यात गावात दुसरा विषयच नव्हता, रेडिओला लोक चिकटलेले, आणि आजीने त्या दिवशी कोणालाच शेतावर जाऊ दिलं नाही, सगळ्यांना सकाळीच गोडाचं करून वाढलं आणि घरात बसवलं. आपल्याकडे असं कितीतरी घरांत झालंय, तुमच्याही घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा.

प्रत्यक्षात नियंत्रकांनी शेवटच्या फेऱ्यांमध्ये स्टेशनची दिशा बदलून हवेचा अडथळा कमी-जास्त करत पडायची जागा थोडी सरकवली, बरेच तुकडे हिंदी महासागरात गेले, पण ते अपेक्षेपेक्षा उशिरा फुटलं म्हणून काही तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्सच्या आसपास पडले. कोणालाही लागलं नाही. तिथल्या स्थानिक प्रशासनाने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड लावला होता.

साल्युत ६ ला लोक एवढं का मानतात?

कारण त्याला मागचं दार होतं. आधीच्या साल्युतना एकच दार, म्हणजे एक यान लागलं की बास, आत जेवढं अन्न-पाणी-इंधन भरून पाठवलं तेवढंच, संपलं की घर सोडायचं. २९ सप्टेंबर १९७७ ला गेलेल्या साल्युत ६ ला पुढे एक आणि मागे एक. पुढे माणसांचं यान उभं, मागे २० जानेवारी १९७८ ला निघालेलं प्रोग्रेस १ येऊन लागलं, त्यात माणूस नाहीच, नुसता माल. जेवण, हवा, कपडे, पत्रं आणि पाइपमधून इंधन. माल उतरवला की त्यात कचरा भरायचा आणि वातावरणात जाळून टाकायचं. एवढ्या एका गोष्टीने मुक्काम कुठून कुठे गेला बघा, रोमानेन्को आणि ग्रेच्को ९६ दिवस, मग १४०, १७५, १८५. आजही अंतराळ स्थानकाला प्रोग्रेस माल नेतं, तेच नाव.

दुसरं दार म्हणजे पाहुण्यांची पण सोय झाली. मार्च १९७८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे व्लादिमीर रेमेक आले, अमेरिका-रशियाबाहेरचे पहिले अंतराळवीर. इथूनच आपला नंबर लागला.

राकेश शर्मा नक्की कुठे होते?

साल्युत ७ मध्ये. ३ एप्रिल १९८४ ला सोयुझ टी-११ ने, बरोबर मालिशेव आणि स्त्रेकालोव, ११ एप्रिलला परत. आपल्या हवाई दलाचे रवीश मल्होत्रा त्यांचे राखीव होते, त्यांनीही स्टार सिटी या रशियातल्या अंतराळवीरांच्या प्रशिक्षण केंद्रात तेवढीच तयारी केली होती. वर आधीच तिघे राहत होते, किझिम, सोलोव्योव आणि डॉक्टर आत्कोव, म्हणजे घरात सहा जण. शर्मांनी भारताचे फोटो घेतले, जमीन-जंगल-पाणी बघायला, योगासनांचा शरीरावर काय परिणाम होतो ते पाहिलं, म्हैसूरच्या संरक्षण प्रयोगशाळेत बनवलेले आपले पदार्थ नेले होते. आणि इंदिराजींनी विचारलं वरून भारत कसा दिसतो, त्यावरचं 'सारे जहाँ से अच्छा' तर सगळ्यांना पाठच आहे.

जे कोणी सांगत नाही ते हे, की शर्मा पाहुणे म्हणून गेले तेव्हा त्या घराची पाइपलाइन फुटलेली होती. सप्टेंबर १९८३ मध्ये इंधनाच्या यंत्रणेत गळती झाली होती. पाहुणे गेल्यावर २३ एप्रिलपासून किझिम आणि सोलोव्योव बाहेर पडून दुरुस्तीला लागले, तीन आठवड्यांच्या आत चार स्पेसवॉक, पुढे ऑगस्टमध्येही याच कामाला परत बाहेर. शर्मांनंतर स्टेशनवर राहायला गेलेले पुढचे भारतीय शुभांशु शुक्ला, थेट जून २०२५ मध्ये, एक्केचाळीस वर्षांनी.

स्टेशन गोठलं होतं ते हेच का?

हेच! शर्मा राहून गेले त्यानंतर दहा महिन्यांनी. फेब्रुवारी १९८५ मध्ये आत कोणी नसताना साल्युत ७ गप्प झालं. रेडिओ नाही, दिवा नाही, काही नाही. ६ जूनला जानिबेकोव आणि साविनिख निघाले. स्टेशन स्वतःहून काहीच सांगत नसल्याने जानिबेकोव यांनी हातात लेझरचं अंतर मोजायचं यंत्र घेऊन, खिडकीतून बघत बघत, हाताने यान नेऊन लावलं. असं मेलेल्या स्टेशनला जोडणं तोवर कोणी केलंच नव्हतं.

आत गेले तर काळोख, भिंतींवर दव गोठलेलं, पाण्याच्या टाक्यांत बर्फ. जानिबेकोव यांनी थुंकून पाहिलं तर ते गोठलं. लोकरी टोप्या, जाड कपडे. पंखे बंद म्हणजे सोडलेला श्वास तोंडाभोवतीच साचतो, डोकं जड होतं, म्हणून एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने लक्ष ठेवायचं. नेलेलं पाणी मोजकं. शोध घेतला तर दोष एका सेन्सरचा, बॅटरी भरलेली नसताना भरली म्हणून सांगत होता आणि चार्जिंग तोडत होता, त्यामुळे सगळं हळूहळू विझलं. ज्या बॅटऱ्या धरण्यासारख्या होत्या त्यांच्या तारा त्या थंडीत उघड्या हाताने सोलून, पिळून, टेप लावून थेट सोलर पॅनलला जोडल्या, आणि पॅनलवर ऊन पडावं म्हणून आपल्या यानाची इंजिनं वापरून अख्खं स्टेशन सूर्याकडे वळवलं. बॅटऱ्या भरत गेल्या, दिवे लागले. मग बर्फ वितळून पाणी सगळीकडे, आणि ओल्या तारांवर वीज सोडायची भीती, तर हाती लागेल त्या कपड्याने भिंती पुसत बसले. जूनच्या शेवटी प्रोग्रेस पाणी घेऊन पोचलं.

मला विचाराल तर चंद्रावर उतरण्याइतकंच मोठं काम आहे हे.

बायका कधी गेल्या स्टेशनवर?

स्वेतलाना साविट्स्काया, ऑगस्ट १९८२, साल्युत ७. परत १९८४ मध्ये गेल्या आणि २५ जुलैला बाहेर पडून वेल्डिंग केलं, स्पेसवॉक करणारी पहिली स्त्री.

साल्युत ७ चं पुढे काय झालं?

२० फेब्रुवारी १९८६ ला मीर हे नवीन सोव्हिएत स्टेशन गेलं, सहा दारांचं. त्यात पहिले राहायला गेले किझिम आणि सोलोव्योव, ज्यांनी साल्युत ७ ची पाइपलाइन दुरुस्त केली होती तेच. मे महिन्यात ते आपलं सोयुझ घेऊन मीरमधून निघाले आणि जुन्या घरी आले, एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर जाणं हे पहिल्यांदाच. पन्नास दिवस राहिले, अर्धवट राहिलेले प्रयोग पूर्ण केले, आणि जाताना वीस उपकरणं, साडेतीनशे-चारशे किलोचं सामान, काढून बांधून मीरवर नेलं. त्यानंतर साल्युत ७ मध्ये कोणी गेलं नाही. ७ फेब्रुवारी १९९१ ला ते अर्जेंटिनावर कोसळलं, रात्रीच्या आकाशात जळत्या तुकड्यांची रांग तिथल्या लोकांनी पाहिली, आणि सकाळी कापितान बर्मुदेझ नावाच्या गावात तुकडे मिळाले.